काल-परिमाण तक्ता

विश्लेषणासाठी उभारलेल्या डेटाबेसमध्ये दर दिवसाची एक ओळ ठेवणारा तक्ता. व्यवहारात त्याला ‘डेट डायमेन्शन’ म्हणतात. विक्री, भरणा, पोचवणी यांच्या नोंदी फॅक्ट टेबलमध्ये असतात आणि त्या किल्लीने या तक्त्याला जोडतात. राल्फ किम्बॉल यांच्या ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ (१९९६) या ग्रंथामुळे ही रचना सर्वत्र पोचली.

वार किंवा महिना डेटाबेस तारखेवरून स्वतःच काढतो. या तक्त्याची खरी गरज पडते ती गणिताने न निघणाऱ्या माहितीसाठी. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने पुढचा पाडवा ९ एप्रिल २०२४ला गेला आणि त्यानंतरचा ३० मार्च २०२५ला आला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही, २०२४-२५मध्ये मात्र दोनदा आला. सोने किंवा वाहनांच्या विक्रीची या दोन वर्षांची तुलना सणाचा रकाना नसेल तर फसवी ठरते. बाकीचा तक्ता छोट्या प्रोग्रामने भरता येतो. सण आणि सुट्ट्या दरवर्षी पंचांग व सरकारी यादी पाहून भराव्या लागतात. या कामात कसूर करू नये.

आठवड्यासाठी स्वतंत्र वर्षाचा रकाना हवा. आयएसओ ८६०१ प्रमाणे ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५च्या पहिल्या आठवड्यात मोडतो.

किल्ली म्हणून २०२५०३३० असा पूर्णांक वापरतात. माल अजून पोचलाच नसेल, तर पोचवणीची तारीख रिकामी न सोडता ‘अज्ञात’ या खास ओळीकडे वळवतात. मागणी आणि पोचवणी या दोन्ही तारखा एकाच तक्त्याला वेगवेगळ्या नावांनी जोडता येतात.

घड्याळाची वेळ यात मिसळू नये. वीस वर्षांचे दिवस सुमारे ७,३०० ओळींत मावतात आणि दिवसाची मिनिटे १,४४०च असतात. पण दहाच वर्षांचा प्रत्येक सेकंद लिहायचा म्हटले तर ओळी ३१ कोटींवर जातात. वेळेचा तक्ता म्हणूनच वेगळा ठेवतात.

सर्व्हर बहुधा यूटीसी वेळ नोंदवतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजताचा व्यवहार तिथे ३१ मार्चच्या रात्री साडेआठचा दिसतो आणि मागच्या आर्थिक वर्षात जमा होतो. त्यामुळे दिनांकाची किल्ली स्थानिक वेळेवरूनच काढावी आणि मूळ यूटीसी नोंद शेजारच्या रकान्यात जपावी.