शब्दवेध : गाव सुटलं, ‘कर’ चिकटला

वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यातच राहणाऱ्याला शेजारीपाजारी ‘कारंजेकर’ म्हणत नाहीत. ‘कर’ चिकटतो तो बहुधा गाव सुटल्यावर, परगावच्या तोंडून. मूळचा देशपांडे असो की जोशी, दोन-तीन पिढ्यांत ते आडनाव मागे पडतं आणि उरतो नुसता रिसोडकर किंवा मंगरूळकर.

नॉर्वेतही शेतवाडीचं नाव माणसाला लागायचं, पण वाडी बदलली की नावही बदलायचं. अमेरिकेला गेलेल्यांपैकी कुणी वाडीचं नाव धरलं, कुणी बापाच्या नावापुढे ‘सेन’ लावलं. कायम आडनावाची सक्ती तिथे १९२३च्या कायद्याने आली.

आपल्याकडे वाशीमकराचं मूळ शोधताना मात्र गावाचंही नाव तपासावं लागतं. वाकाटक राजांचं वत्सगुल्म ते हेच. इंग्रजी दप्तरात ते ‘बासीम’. बासीम जिल्हा १९०५मध्ये मोडला, बराचसा अकोल्यात गेला. १९९८मध्ये वाशीम पुन्हा जिल्हा झाला. शिवाय नामसाम्याचा घोळ आहेच: मंगरूळपीर वाशीम जिल्ह्यातलं, मंगरूळ दस्तगीर अमरावतीतलं; कारंजा लाड वाशीम जिल्ह्यातलं, कारंजा घाडगे वर्ध्यातलं.

तेव्हा एकट्या आडनावावर विसंबू नका. जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारिज आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वही ताडून पाहा. जुन्या इंग्रजी कागदांत ‘बासीम’ही शोधा.