'दृढकथन' आले कुठून? नास्तिक, ख्रिस्ती आणि आपण

निवडून आलेला आपला एखादा कार्यकर्ता सभागृहात 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' असे न म्हणता 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की' असे म्हणतो, तेव्हा तो व्हिडिओ आपण अभिमानाने फिरवतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय आहेत. पण ईश्वराचे नाव न घेण्याचा हा पर्याय मुळात कुणी मिळवला? आपल्या तरुणांचे ठरलेले उत्तर असते, नास्तिकांनी धर्मवाद्यांशी लढून. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेतले नाही तर आपण चुकीच्या माणसांशी भांडत बसू.

ही गोष्ट इंग्लंडमधली आहे आणि ती सुरू होते श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांपासून. सतराव्या शतकात तिथे क्वेकर पंथ उदयाला आला. येशूने शपथच घेऊ नका असे सांगितले आहे, माणसाचे 'हो' म्हणजे 'हो' असावे, म्हणून आम्ही शपथ घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी ते तुरुंगात गेले. पुढे कायद्याने त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. 1833 मध्ये जोसेफ पीस हे क्वेकर खासदार शपथ न घेता संसदेत बसले. म्हणजे दृढकथनाची वाट आधी पाडली ती बायबल मानणाऱ्यांनी.

इतरांना मात्र दार बंदच होते. कॅथलिकांना 1829 पर्यंत थांबावे लागले. लायोनेल रॉथचाइल्ड हे ज्यू गृहस्थ 1847 मध्ये निवडून आले, पण 'ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून' हे शब्द ते उच्चारू शकत नसल्यामुळे त्यांना 1858 पर्यंत आसन मिळाले नाही.

1880 मध्ये नॉर्थॅम्प्टनहून चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आले. ते उघड नास्तिक होते, नॅशनल सेक्युलर सोसायटीचे संस्थापक होते. त्यांनी क्वेकरांसारखी प्रतिज्ञा करू द्या, अशी मागणी केली. ती नाकारली गेली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले आणि त्यांनी जाहीर केले की शपथेतले ईश्वराविषयीचे शब्द मला निरर्थक वाटतात, पण त्यातले वचन मी पाळीन. त्यांच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणा होता. अनेक ख्रिस्ती लोकांना ती आपल्या श्रद्धेची थट्टा वाटली. उलट बाजूने, ज्याला देवाचे भय नाही तो दिलेला शब्द पाळणारच नाही, हा ख्रिस्ती समाजातला जुना समज ब्रॅडलॉंच्या वाट्याला आला. गैरसमज दोन्हीकडून होता. रँडॉल्फ चर्चिलसारख्या राजकारण्यांनी त्याचा वापर सरकारला झोडपायला केला. देव राहिला बाजूला!

ब्रॅडलॉंना संसदेच्या क्लॉक टॉवरमध्ये एक रात्र कोंडले गेले. ऑगस्ट 1881 मध्ये त्यांना सभागृहातून अक्षरशः ओढून बाहेर काढले. नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. अखेर 1886 मध्ये नव्या सभापतींनी कुणाचीही हरकत ऐकायला नकार दिला आणि ब्रॅडलॉ शपथ घेऊन बसले. 1888 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना देणारा कायदा झाला.

आता ही बाजूही लक्षात घ्या. 1883 मध्ये प्रतिज्ञेच्या विधेयकासाठी संसदेत जोरदार भाषण केले ते पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी. ते अत्यंत धार्मिक ख्रिस्ती होते. विधेयक 3 मतांनी पडले, पण त्यांनी भूमिका सोडली नाही. क्वेकर जॉन ब्राइट आणि धर्मगुरू स्ट्युअर्ट हेडलम हेही ब्रॅडलॉंच्या बाजूने उभे राहिले. विरोधात होते कार्डिनल मॅनिंग. पण हेच मॅनिंग 1889 च्या लंडन गोदी कामगारांच्या संपात कामगारांसाठी मध्यस्थीला उतरले, आणि ब्रॅडलॉ समाजवादाचे कट्टर विरोधक होते. मग कष्टकऱ्यांच्या बाजूने पुरोगामी कोण? 'देव मानतो की नाही' या एकाच फुटपट्टीने माणूस मोजता येत नाही.

त्याच 1889 च्या डिसेंबरमध्ये ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. पुढे साठ वर्षांनी, 17 ऑक्टोबर 1949 रोजी, संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिका 'ईश्वराच्या नावाने' सुरू करावी अशी दुरुस्ती मांडली. 41 विरुद्ध 68 मतांनी ती फेटाळली गेली. विरोधात बोलणारे सगळे नास्तिक नव्हते. श्रद्धा कुणावर लादू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणून आपली उद्देशिका 'आम्ही, भारताचे लोक' अशी सुरू होते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. आपल्या वस्त्यांमध्ये बौद्ध आहेत, निरीश्वरवादी आहेत, तसे ख्रिस्ती झालेले दलितही आहेत. आपले काही तरुण विवेकवादाच्या नावाखाली त्यांना 'मिशनऱ्यांनी विकत घेतलेले' म्हणून हिणवतात. ही भाषा कुणाची आहे, जरा आठवा. धर्मांतर करणारा माणूस विकला जातो, त्याला स्वतःची बुद्धी नसते, हा आरोप आपल्यावरही झालेला आहे. दुसरीकडे काही ख्रिस्ती बांधवांना वाटते की देव नाकारणाऱ्याला नीती नसते. पंचशील पाळणाऱ्या आपल्या आजीकडे एकदा पाहावे, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळायला 1990 उजाडले. धम्मदीक्षेनंतर 34 वर्षे! दलित ख्रिस्ती 1950 च्या आदेशामुळे आजही त्या यादीबाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून हक्क जाण्याचे दुःख आपल्याइतके कोण जाणतो?

देवाच्या अस्तित्वावर जरूर वाद घाला, खुलेपणाने घाला. पण शेजाऱ्याच्या हक्काचा प्रश्न येईल तेव्हा ग्लॅडस्टन जसे नास्तिकासाठी उभे राहिले, तसे आपण ख्रिस्ती दलितासाठी उभे राहणार का, हे आत्ताच ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!