निराधारचा पगार

'संजय गांधी निराधार अनुदान योजना' हे पूर्ण नाव घेणारा माणूस आमच्या भागात फक्त तहसील कचेरीत भेटतो. गावात त्याला निराधारचा पगार म्हणतात. "काम न करता कसला रं पगार?" असं खोचक बोलणारेही होते. माझे चुलते, तात्या, त्यावर नुसते हसायचे. लहानपणी तापात त्यांचा उजवा पाय गेलेला. पोलिओ हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. तोवर 'अंगावरनं वारं गेलं' एवढंच.

या पगाराचं मूळ मला बहात्तरच्या दुष्काळात दिसतं. तेव्हा अख्खं गाव खडी फोडायला गेलं होतं. तात्याही काठी टेकत गेले, तर मुकादमानं पहिल्याच दिवशी परत लावलं. पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे फार मोठं पाऊल होतं. पण ज्याच्यानं टिकाव उचलत नाही त्यानं काय मागायचं? त्याला उत्तर 1980 साली मिळालं, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. हमीवर पुष्कळ लिहिलं गेलं, निराधारवर मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

सुरुवातीला पैसे मनिऑर्डरीनं येत. तीन-चार महिने काहीच नाही, मग एकदम. पोस्टमन सायकल लिंबाखाली लावायचा, तात्या अंगठा द्यायचे, शेजारचा कुणी साक्षीला. पोस्टमनला चहा ठरलेला. काही गावांत चहाच्या जागी नोटही ठरलेली असायची, असं ऐकू यायचं. आमचा पोस्टमन त्यातला नव्हता.

खरी कसरत कागदांची होती. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अपंगत्वाचा दाखला. शेवटचा जिल्ह्याच्या सिव्हिलमधून. तिथं बोर्ड बसायचा ठरावीक वारीच, म्हणजे पहाटेची एसटी, दोन गाड्या बदलायच्या, आणि डॉक्टर रजेवर असले की पुढच्या आठवड्याला पुन्हा. कायद्यानं 40 टक्क्यांची रेघ ओढली. आमच्या आळीतल्या एकाची तीन बोटं कडबाकुट्टीत गेली, पण बोर्डानं टक्के लिहिले चाळीसच्या आत. तो वैतागून म्हणाला, "आता राहिलेली दोन बी घालू का मशिनीत?" डॉक्टरनं तरी काय करावं, त्याच्यापुढं कोष्टक होतं.

उत्पन्नाची अट तर आणखी न्यारी. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे रुपये. एवढ्यात घर कसं चालतं हे तलाठ्याला माहीत, तहसीलदाराला माहीत, अर्जदाराला तर माहीतच. तरी वर्षानुवर्षं प्रत्येक फाइलीत वीस हजार, साडेवीस हजार असेच आकडे. खरं बोलणाऱ्याचा अर्ज फेटाळायचा आणि सगळ्यांनी मिळून खोटं लिहिलेलं मंजूर करायचं, अशी ही रीत सरकारनंच लावली. पुढं अपंगांसाठी ही मर्यादा 50 हजार केली, पण विधवा आणि परित्यक्ता 21 हजारांतच राहिल्या. मधल्या काळात कचेरीच्या पाटीवर अपंग जाऊन दिव्यांग आलं. पाटी लवकर बदलते.

कचेरीतल्या माणसांविषयी लिहिलं पाहिजे. निराधार शाखेत नव्वदच्या दशकात एक बाई कारकून होत्या. टेबलावर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, समोर रांग. त्या अर्ज एकदाच बघायच्या आणि जे जे कमी असेल ते सगळं एका चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. वाचता येत नसलेला माणूस ती चिठ्ठी नेऊन तलाठ्याला दाखवायचा आणि एका हेलपाट्यात काम व्हायचं. नंतरचे एक साहेब दर खेपेला एकेक कागद सांगायचे. नियम दोघांनाही तेच होते. लंगड्या माणसाला तेवढ्यात चार फेऱ्यांचा फरक पडायचा.

अर्ज मंजूर करायला तालुक्याची समिती असते, आणि तिचा अध्यक्ष बहुतेक वेळा पालकमंत्र्यांच्या मर्जीतला. सरकार बदललं की समिती बरखास्त, निवडणूक लागली की आचारसंहिता. दरम्यान फाइली तशाच पडून. कारकुनाला शिव्या मात्र रोज.

मग बँका आल्या, आधार आलं. मधल्या माणसाचा हात थांबला, हे खरंच चांगलं झालं. पण दोर वळून वळून तात्यांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या. बँक मित्राच्या मशीनवर अंगठा उमटेना. "तात्या, हात धुवून या बरं," असं तो पोरगा म्हणायचा. तात्या धुवून यायचे, तरी नाही. शेवटी तालुक्याच्या शाखेत जाऊन, मॅनेजरसमोर बसून पैसे काढायचे. बारा किलोमीटर, रिक्षाचं भाडं 40 रुपये, आणि पगार तेव्हा 600.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला. आमचा कोतवाल त्यासाठी घरोघर फिरायचा. महसूल खात्यातला सगळ्यात खालचा माणूस, त्याचं स्वतःचं मानधनही तुटपुंजं. दारात येऊन हाक मारायचा, "तात्या, हाय का?" आतून उत्तर यायचं, "अजून हाय, लिहून घे."

2018 साली तात्यांना पासष्ट पूर्ण झाली. नियमाप्रमाणं निराधारमधून नाव काढून श्रावणबाळ योजनेत घातलं. रक्कम तीच, वही दुसरी. कोतवालानं ते समजावून सांगितलं तेव्हा तात्यांनी विचारलं, "म्हणजे पाय बरा झाला म्हणायचा का आता?"

2019 मध्ये 600 चे 1000 झाले. 2023 मध्ये 1500 झाले, ते घ्यायला तात्या नव्हते. ते गेले त्या आठवड्यात कोतवालच मृत्यूचा दाखला घेऊन तहसीलला गेला. खात्यावर नंतर एक हप्ता जमा झाला होता. तो परत कसा भरायचा हे विचारायला मी गेलो, तर शाखेतल्या पोरीनं चिठ्ठीवर तिन्ही कागदांची नावं लिहून दिली.