डॉक्टर कोणासाठी घडवायचा?

डॉक्टर म्हटले की रोग्याजवळ बसून त्याची विचारपूस करणारा माणूस तुमच्या डोळ्यांपुढे येतो. पण १८२६ साली मुंबईत सरकारने वैद्यकशाळा काढली, ती अशा माणसासाठी नव्हेच. पलटणींच्या आणि सरकारी ठाण्यांच्या दवाखान्यांत गोऱ्या सर्जनच्या हाताखाली राबतील असे ‘नेटिव्ह डॉक्टर’ तिला हवे होते. शिकवणे मात्र देशी भाषांतून! त्यासाठी डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी वैद्यकाची पुस्तके मराठीत आणवली. मराठीत वैद्यक, तेही त्या काळी! शिक्षकबंधूंनी हे ध्यानात ठेवावे. १८३२ मध्ये ही शाळा बंद पडली.

पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनाने घेतले की नुसता मदतनीस नको, पुरा डॉक्टर घडवायचा. १८३८ मध्ये ते वारले. मग त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी जमवली, कंपनी सरकारनेही भर घातली, आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाचे रुग्णालय. त्यामुळे पुस्तकाबरोबर खाटेवरचा रोगीही विद्यार्थ्यापुढे आला. भाषा मात्र आता इंग्रजी.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत गोव्याकडचे भाऊ दाजी लाड होते. एल्फिन्स्टनमधली मास्तरकी सोडून हे गृहस्थ पुन्हा बाकावर बसले होते! मुंबईत त्यांनी स्वतंत्र व्यवसाय मांडला आणि गोरगरिबांना फुकट औषध दिले. मी तर म्हणेन, डॉक्टर कोणाचा, याचे उत्तर कॉलेजच्या कुठल्याही कागदापेक्षा त्यांनीच चोख दिले.

पण गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांनी याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. कशासाठी? तर ‘हॉस्पिटल असिस्टंट’ तयार करण्यासाठी! इंग्रजीत शिकला तो पुरा डॉक्टर, मराठीत शिकला तो हाताखालचा. १८७८ साली पुण्यात निघालेली वैद्यकशाळाही या खालच्या पायरीचीच. आणि खेड्यापाड्यांतल्या सरकारी दवाखान्यांत बहुधा हाच हाताखालचा माणूस धाडला जाई.

पुण्याची शाळा १९४६ मध्ये कॉलेज झाली. पायरी गेली, वर्गात मराठीही उरली नाही. ‘पोटात गोळा उठतो’, ‘अंगात कणकण आहे’, हे रोग्याचे बोलणे २०१९ पर्यंत नवशिका डॉक्टर सहसा वर्गात शिकत नसे. वॉर्डातल्या आयाबाईंकडून शिके.