कळसूबाई ते तारामती

दिवाळीचा पहिला दिवा आपल्याकडे वसुबारसेला लागतो. देशावरच्या गावांतून त्या दिवशी गाय-वासराची पूजा होते. पण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत वसलेल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर अश्विन वद्य द्वादशीचा हाच दिवस ‘वाघबारस’ म्हणून पाळतात. गुराखी वाघोबाच्या दगडाला शेंदूर फासतात, नैवेद्य दाखवतात, आणि ‘आमची गुरे सांभाळ’ असे साकडे त्या वाघालाच घालतात. आपण गाईला पुजतो ती दूध देते म्हणून. ते वाघाला पुजतात तो गाय खातो म्हणून! वरवर पाहता हसू येईल. पण ज्याच्या रानात राहायचे त्याच्याशी गोडीने राहावे, हे शहाणपण त्या शेंदरात आहे. ही डोंगररांग समजून घ्यायची असेल तर वाट इथूनच फुटते.

या रांगेच्या उत्तरेला कळसूबाई आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगड. मध्ये अलंग, मदन, कुलंग, रतनगड असे एकाहून एक बेलाग किल्ले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे पाऊसपाण्याने ते कोरून काढले आणि हे कडे उभे राहिले. दोन टोकांमधला प्रदेश पायी धुंडाळायचा तर चार-पाच दिवस हाती हवेत, सोबतीला वाडीवरचा जाणता वाटाड्या हवा, आणि पाऊस सरून सोनकीच्या फुलांनी पठारे पिवळी झालेली असावीत. मग पाय चालत राहतात आणि वाटाड्या बोलत राहतो. त्याच्या बोलण्यात दर खिंडीला, दर टाक्याला एक गोष्ट चिकटलेली असते.

पहिली गोष्ट अर्थातच कळसूबाईची. १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. बारी गावातून वर निघाले की कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या चढून माथ्यावरच्या चिमुकल्या देवळाशी पोचता येते. नवरात्रात इथे जत्रा भरते. ही कळसू कोण? मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरात तिची कथा नोंदलेली आहे. कळसू ही रानावनात भटकणारी कोळ्याची पोर. पायथ्याच्या इंदोरे गावी एका कोळ्याच्याच घरी ती कामाला राहिली. पण अट घालून. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही! काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच दोन कामे सांगितली. तिने ती निमूटपणे केली, आणि लगेच डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली उतरलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. दोन्ही नावे तिच्या कथेने डोंगराला दिली.

कथा एवढीच. तीत चमत्कार नाही, राक्षस नाही, वरदान नाही. एका मोलकरणीला दिलेला शब्द मोडला गेला आणि ती निघून गेली, इतकेच. पण महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी लोकांनी देवी म्हणून बसवली ती हीच मुलगी, हे विसरता येत नाही.

कळसूबाईकडून दक्षिणेला निघावे तो रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भेटते. भाविक तिला अमृतवाहिनी म्हणतात. तिच्या काठी रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधल्याचा उल्लेख त्या घराण्याच्या ताम्रपटात सापडतो. त्यांपैकीच हे एक, असे परंपरा सांगते. याच प्रवरेला भंडारदऱ्याशी अडवून बांधलेले धरण १९२६ साली पुरे झाले. खालच्या मुलखात त्या पाण्यावर उसाचे मळे डोलू लागले. अमृत वाहिले ते असे.

रांगेचे दुसरे टोक हरिश्चंद्रगड. पाचनईहून चढावे किंवा जुन्नरच्या बाजूने खिरेश्वरावरून तोलारखिंडीच्या वाटेने. वर दगडात घडवलेले हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ आणि केदारेश्वराची गुहा. गुहेत कमरेइतके गारठवणारे पाणी, त्यात पुरुषभर उंचीचे शिवलिंग. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. हे खांब म्हणजे चार युगे. तीन सरली, चौथा कोसळेल तेव्हा कलियुग संपेल, असे सांगतात. चौदाशे वर्षे जगले असे ज्यांच्याविषयी म्हणतात त्या चांगदेवांनी या गडावर तप केले, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच सिद्ध केला, असेही मानतात.

पश्चिमेला कोकणकडा. आतल्या बाजूला वळलेला हा प्रचंड कडा पाहताना धीटाचीही छाती दडपते. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिले. दख्खनच्या हवामानावरील त्याचा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, त्यात त्याचे वर्णन आहे. कड्याखाली धुके दाटलेले असावे, सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असावा, म्हणजे धुक्याच्या थेंबांवरून उजेड मागे फिरतो आणि रंगांच्या वलयात आपलीच सावली उभी राहते. एरवी जमीन आड येते म्हणून आपल्याला अर्धीच कमान दिसते. इथे पायाखाली नुसती पोकळी असते. आपले लोक याला ‘इंद्रवज्र’ म्हणतात.

गडाच्या तीन शिखरांची नावे हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास. राजा, राणी आणि राजपुत्र. सत्यासाठी राज्य गेले, राजा डोंबाघरी स्मशानाची राखण करू लागला आणि राणी तारामती ब्राह्मणाच्या घरी दासी झाली, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. आता गंमत पाहा. रांगेच्या एका टोकाला दिलेला शब्द पाळण्यासाठी दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी राणी आहे. दुसऱ्या टोकाला दिलेला शब्द मोडला म्हणून भांडी टाकून गेलेली कोळ्याची पोर. पहिली पोथीतून आली, दुसरी पायथ्याच्या गावातून. दोघींनाही लोकांनी शिखर दिले, आणि पोरीचे शिखर राणीच्या शिखराहून उंच आहे! हा योगायोग भूगोलाचा. पण दोन्ही कथा एकच गोष्ट मागतात: शब्दाला जागा.

त्या शब्दाचे मोल या डोंगराने पुढे रक्ताने मोजले. मराठेशाहीत किल्ल्यांच्या शिबंदीत आणि घाटांच्या राखणीत महादेव कोळ्यांना मानाची जागा होती. १८१८ नंतर इंग्रजांनी शिबंदी मोडल्या, मानकऱ्यांचे हक्क आणि नेमणुका कापल्या. १८२८ च्या सुमारास बंड उठले. त्यात देवगावचे रामजी भांगरे होते. ते मोडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच पुढे महादेव कोळ्यांची सविस्तर हकीकत लिहून ठेवली. आपल्यातला मोठा इतिहास हा असा जिंकणाऱ्याच्या दौतीतून उतरलेला असतो. रामजींचे पुत्र राघोजी यांनी १८४४-४५ मध्ये पुन्हा निशाण उभारले. या वेळी रोख सावकारांवरही होता; कर्जाच्या कागदावर जमिनी गिळणाऱ्यांची नाके कापली गेली. सरकारने पाठलाग चालवला. १८४८ च्या जानेवारीत राघोजी पंढरपुरात पकडले गेले, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

सरकारी दप्तरात ते ‘दरोडेखोर’ म्हणून नोंदले गेले. त्या दप्तराला उत्तर देणारे दुसरे दप्तर कोळ्यांपाशी नव्हते. होते ते डोंगर आणि त्यांवरची नावे. म्हणून लोककथेला नुसती करमणूक समजू नये. कळसू खरोखर होऊन गेली की नाही हे ठरवायला ताम्रपट मिळणार नाही. पण कुणा गरिबाशी ठरलेली अट मोडणे हे पाप आहे, अशी समजूत या मुलखात पिढ्यान् पिढ्या जागी होती, याचा पुरावा थाळेमेळ हाच. त्या समजुतीच्या मातीतूनच राघोजी उगवले, असे म्हणायला हरकत नाही.

१९८६ साली या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरू इथल्या झाडांवरून झेपावते, ठरावीक वर्षांनी कारवी फुलते, आणि पावसाच्या तोंडाशी झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. आता सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रीघ लागते. काजवा उजेडाच्या खुणेने जोडीदाराला हाक मारतो. गाडीच्या झगझगीत दिव्यांत ती हाक विरून जाते. गोष्टींचेही तसेच आहे. शिडीवरून धापा टाकत चढायचे, छायाचित्र काढायचे आणि उतरायचे, यात वाटाड्याचे बोलणे ऐकायला सवड राहत नाही. त्याचा मुलगा शहरात कामाला गेला, की थाळेमेळ कुठले हे दाखवणारे बोटही जाईल. नकाशावर उंचीचा आकडा राहील, कळसू राहणार नाही.

म्हणून या सुट्टीत मुलाबाळांसह त्या बाजूला जाणार असाल तर एवढेच करा. वाटाड्या घ्या, त्याच्याशी मजुरीचा जो शब्द ठरेल तो पाळा, आणि वाटेत प्रत्येक नावाची गोष्ट त्याला विचारा. वाडीवर जेवलात तर उठताना आपले ताट आपणच घासा. त्या डोंगरात भांडी घासायला लावण्याचे परिणाम काय होतात, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.