कुलाब्याचे आरसे, दुबईचा मनोरा

दुबई शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, सैह अल दहल या वाळवंटी भागात २६३ मीटर उंचीचा एक मनोरा उभा आहे. त्याच्याभोवती सुमारे ७०,००० आरसे मांडलेले आहेत. दिवसभर हे आरसे सूर्याच्या चालीने वळत राहतात आणि आपापले ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर फेकतात. तिथे वितळलेले क्षार ५६५ अंश सेल्सियसच्या आसपास तापतात, खालच्या टाकीत उतरतात आणि सूर्य मावळल्यावर त्याच उष्णतेच्या वाफेवर टर्बाइन फिरते. ६ डिसेंबर २०२३ रोजी, दुबईत कॉप-२८ ही हवामान परिषद भरलेली असतानाच, या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. या जातीचा इतका उंच मनोरा जगात दुसरा नाही. मात्र त्याच्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर अरबी समुद्र ओलांडून मुंबईला, कुलाब्याला यावे लागते.

१८७० च्या दशकात विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होता. गिरण्या वाढत होत्या, बॉयलर धगधगत होते आणि त्यांना लागणारा दगडी कोळसा विलायतेहून जहाजाने येत होता. जळण महाग आणि ऊन फुकट, ही विसंगती अ‍ॅडम्सच्या मनाला लागली. फ्रान्समधले गणिताचे शिक्षक ऑग्युस्तँ मूशो यांचे प्रयोग त्याला ठाऊक होते. नरसाळ्याच्या आकाराच्या धातूच्या परावर्तकाने ऊन एकवटून मूशो वाफ तयार करत. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्यांनी उन्हाच्या बळावर बर्फ करून दाखवला आणि सुवर्णपदक मिळवले. पण असा परावर्तक फार मोठा करता येत नाही आणि त्याचा चकचकीत पृष्ठभाग लवकर काळवंडतो, हे अ‍ॅडम्सने हेरले.

त्याने वेगळी वाट धरली. एका मोठ्या वक्र परावर्तकाऐवजी त्याने साधे, सपाट, बाजारात मिळणारे काचेचे छोटे आरसे घेतले आणि ते एका चौकटीवर असे बसवले की सगळ्यांचे ऊन एकाच बॉयलरवर पडावे. अर्धवर्तुळाकार रुळावरून ही चौकट माणसाने सूर्यामागोमाग सरकवायची. ७२ आरशांनी ६५० अंश सेल्सियसच्या पुढे उष्णता मिळाली. मध्य कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन सुमारे पंधरवडाभर चालवले आणि वर्तमानपत्रात सूचना देऊन लोकांना पाहायला बोलावले. त्याने उन्हाची चूलही केली होती. मुंबईतल्या जानेवारीच्या उन्हात तिच्यावर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजत असे. हा सारा अनुभव त्याने १८७८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात मांडला. उष्ण प्रदेशांत सूर्याची उष्णता इंधनाची जागा घेऊ शकते, हे त्याचे प्रतिपादन पुस्तकाच्या नावातच आहे.

सपाट आरसे अनेक, तापवायचे ठिकाण एक आणि ते मधोमध स्थिर: दुबईच्या मनोऱ्याची सगळी रचना या एका वाक्यात आहे आणि ती कुलाब्यात सिद्ध झाली होती. यंत्र चालले, तरी त्यातून कारखाना उभा राहिला नाही. कोळशाच्या किमतीपुढे आरशांचा खर्च टिकला नाही. फ्रान्समध्ये मूशोंचेही तेच झाले.

घराण्याच्या दुसऱ्या शाखेचीही गत वेगळी नाही. अमेरिकेच्या फ्रँक शुमनने १९१३ मध्ये कैरोजवळच्या मादी येथे पन्हाळीच्या आकाराचे पाच लांबलचक परावर्तक उभारून नाईलचे पाणी उपसून दाखवले. वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले, तंत्रज्ञ पांगले आणि युद्धानंतरचे जग तेलाच्या मागे गेले. १९६० च्या दशकात इटलीत जोव्हान्नी फ्रांचा यांनी जेनोआजवळ सपाट आरसे आणि मधला बॉयलर ही जोडी पुन्हा चालती केली. तेलाच्या किमतींच्या भडक्यानंतर अमेरिकेला जाग आली. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८२ मध्ये १० मेगावॉटचा ‘सोलर वन’ मनोरा सुरू झाला. १९९६ मध्ये त्याचाच ‘सोलर टू’ झाला आणि त्यात पाण्याच्या जागी वितळलेले क्षार आले. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट यांचे हे मिश्रण, म्हणजे त्यात आपला सोराही आला. तापलेले क्षार टाकीत तासन्‌तास धग धरून ठेवतात. त्यामुळे उन्हाची वीज रात्री मिळू लागली आणि या घराण्याला आपले खरे काम सापडले.

संयुक्त अरब अमिराती या कथेत इथे येते. अबू धाबीत तेल सापडले १९५८ मध्ये आणि दुबईच्या समुद्रात १९६६ मध्ये. दुबईची वीज कंपनी १९५९ ची. पुढच्या दशकांत शहरे वाढली ती नैसर्गिक वायूवर. २००७ पासून कतारचा वायूही समुद्राखालच्या नळाने येऊ लागला. वायूवरचे वीजकेंद्र आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना तिथे एकाच आवारात बांधत. उन्हाळ्यात ही जोडी सोयीची ठरते. हिवाळ्यात एसी बंद होऊन विजेची मागणी उतरते, पण पाण्याची उतरत नाही. मग पाण्यासाठी वायू जाळत राहावे लागते. कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि उरलेले गरम, अतिखारट पाणी आधीच उथळ आणि खाऱ्या आखातात परतते.

याला उत्तर म्हणून अबू धाबीने २००६ मध्ये ‘मसदर’ ही संस्था काढली. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘जेमासोलार’ मनोऱ्यात तिची भागीदारी होती. साठवलेल्या क्षारांवर सलग २४ तास वीज देऊन दाखवणारा व्यापारी मनोरा तो हाच. मायदेशी २०१३ मध्ये मदिनत झायेदजवळ १०० मेगावॉटचा ‘शम्स-१’ झाला. तो मादीच्या पन्हाळींचा वारस. तिथे धुळीने परीक्षा घेतली. हवेतल्या बारीक धुळीने थेट ऊन मंदावते, म्हणून आरसे वाढवावे लागले आणि ते सतत पुसावे लागतात. पाणी दुर्मीळ असल्याने टर्बाइनची वाफ हवेने थंड करतात.

दुबईच्या प्रकल्पात दोन्ही शाखा एकत्र नांदतात: मनोऱ्याचे १०० मेगावॉट, पन्हाळींचे ६०० आणि सौर पॅनेलचे २५०. व्याप सुमारे ४४ चौरस किलोमीटर. मोहावीतल्याच इव्हानपा प्रकल्पात एकवटलेल्या उन्हात पक्षी होरपळल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा आरसेही निर्दोष नाहीत. पण त्यांच्या दोषांची मोजदाद करता येते आणि ते सुधारता येतात. धुराड्यातून गेलेला कार्बन परत बोलावता येत नाही.

खरा पेच पैशांचा आहे. २०१७ मध्ये दुबईने या साठवलेल्या विजेला युनिटमागे ७.३ अमेरिकी सेंट दर ठरवला. त्याच सुमारास अबू धाबीच्या स्वैहान येथील ‘नूर’ प्रकल्पाने साध्या पॅनेलच्या विजेला २.४२ सेंट दर लावला. त्यानंतर पॅनेल आणखी स्वस्त झाले आणि बॅटऱ्याही. बराका येथील चार अणुभट्ट्या २०२४ मध्ये पूर्ण होऊन देशाची सुमारे पाव वीज देऊ लागल्या. हस्यानचे कोळशासाठी बांधलेले केंद्र दुबईने वायूवर वळवले. सर्वांत मोठा वाटा मात्र अजून वायूचाच आहे, आणि वायू सर्वांत जास्त हवासा वाटतो तो पॅनेल झोपल्यावर, रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असताना. मनोऱ्याच्या महागड्या युनिटशी तुलना करायची तर ती रात्रीच्या वायूशी केली पाहिजे, दुपारच्या पॅनेलशी नव्हे.

महाराष्ट्रापुढे हाच प्रश्न आहे. सौर कृषी वाहिन्यांमुळे शेतीला दिवसा वीज मिळू लागली, पण संध्याकाळचा भार चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर पडतो आणि त्याची राख तिथल्या माणसांच्या वाट्याला येते. उन्हाची उष्णता वापरणे आपल्याला परके नाही. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्येच ७३ परावर्तकांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. बॅटरी, उदंचन जलविद्युत, तापलेले क्षार यांपैकी काय निवडायचे हे हिशोबाने ठरावे. पण त्या हिशोबात राखेची आणि धुराचीही किंमत लावलेली असावी. अ‍ॅडम्सचे यंत्र बंद पडले ते कोळशाच्या किमतीत धूर कधी धरला गेला नाही म्हणून. तीच चूक आपण पुन्हा करणार असू, तर दीडशे वर्षांत आरसे सुधारले, आपला हिशोब नाही, असेच म्हणावे लागेल.