तिरपा झालेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर

१९४९ च्या रॉयल एनफिल्ड बुलेटच्या मागच्या चाकाकडे पाहावे. स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाजवळ, जवळपास उभे असे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर. पुढची वीस-बावीस वर्षे बहुतेक मोटारसायकली याच धाटणीच्या राहिल्या. मोटोक्रॉसच्या शर्यतींतही मागच्या चाकाला वरखाली होण्यास जेमतेम ४ इंच मिळत. उरलेला धक्का स्वाराने आपल्या गुडघ्यांवर आणि कण्यावर झेलायचा!

१९७३-७४ च्या सुमारास शर्यतींच्या कार्यशाळांत करवत आणि वेल्डिंगची ज्योत पुढे सरसावली. जुने आधार कापून शॉक पुढे सरकवले जाऊ लागले, तिरपे केले जाऊ लागले. यामागे साधी भूमिती होती. शॉक स्विंगआर्मशी काटकोनात असेल तर त्याचा जोर पुरता लागतो. तो काटकोनापासून ३० अंश कलला की चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा ताठरपणा तीन-चतुर्थांश उरतो. ४५ अंशांवर निम्मा. मात्र त्याच शॉकच्या तेवढ्याच दाबात चाक सुमारे १.४ पट अंतर चालते. शिवाय चाक वर येताना हा कोन काटकोनाकडे सरकत असेल, तर सस्पेन्शन सुरुवातीला मऊ आणि शेवटी कणखर होते. काटकोन ओलांडला की नेमके उलटे घडते, आणि घाईने आधार जोडणाऱ्याला ते पहिल्या मोठ्या उडीतच कळते.

या लाभाची किंमत होती. कमी सरकणाऱ्या शॉकवर आता अधिक बळ येई. त्यासाठी ताठर स्प्रिंग हवी, मजबूत आधार हवेत. तेल तापे, फेसाळे, आणि शर्यतीच्या उत्तरार्धात शॉकची पकडच सुटे. साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि हवा एकत्रच असतात. तो फार आडवा केला तर झडपेत हवा शिरते. फ्रेंच अभियंता द कार्बों यांच्या पद्धतीत तरंगता दट्ट्या वायूला तेलापासून वेगळे ठेवतो. असा शॉक आडवा, उलटा, कसाही बसवता येतो.

हे स्वातंत्र्य ओळखले बेल्जियमच्या लुसियन टिल्केन्स यांनी. त्यांनी दोन शॉकऐवजी एकच लांब शॉक आसनाखाली जवळपास आडवा घातला. यामाहाने ती कल्पना घेतली, आणि १९७३ मध्ये स्वीडनचा हाकान आंडरसन त्या गाडीवर २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. तिचे नाव ‘मोनोक्रॉस’. भारतीय तरुणांना ते २००८ च्या यामाहा एफझीमुळे परिचित झाले.

गंमत अशी की आसनाखाली आडव्या स्प्रिंगा बसवण्याची युक्ती फिलिप व्हिन्सेंट यांच्या गाड्यांवर १९२८ पासूनच होती. तेव्हा तिच्या जोडीला तसा शॉक नव्हता.